घरच्या गॅरेजमध्ये जुनी एमजीबी दुरुस्त करून तिच्यात बदल करणं एकट्याला जमेल का?

तुम्ही लिहिलंय की इंग्लंडमध्ये राहता, घराला एका गाडीपुरतं गॅरेज आहे, १९७२ ची एमजीबी रोडस्टर (एमजी या ब्रिटिश कंपनीची उघडी स्पोर्ट्‌स कार) स्वस्तात मिळतेय आणि ती शनिवार-रविवारी स्वतःच उभी करायची आहे. जमलं तर मोठं इंजिन, पाच गिअरचा बॉक्स आणि चांगले ब्रेकही बसवायचे आहेत. वेल्डिंग कधी केलेलं नाही.

जमेल. घरी शिकत शिकत करायला एमजीबीइतकी सोयीची जुनी स्पोर्ट्‌स कार दुसरी नाही, असं माझं मत आहे. १९६२ ते १९८० या काळात ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यातून या गाड्या पाच लाखांहून जास्त बाहेर पडल्या. त्यामुळे वॉशरपासून दारापर्यंत जवळपास सगळं आजही नवं विकत मिळतं. १९८८ पासून तर अख्खी बॉडीसुद्धा मूळच्याच साच्यांवर पुन्हा बनू लागली. इंजिन साधं, बिडाचं, १७९८ सीसीचं. बोनेट उघडलं की सगळं दिसतं आणि जिथे हवा तिथे हात पोचतो. लहानपणी घरी पद्मिनी असेल आणि तिचे पॉइंट (ठिणगी पाडणारे इग्निशनचे संपर्क) पॉलिश पेपरने घासून धक्का स्टार्ट केला असेल, तर निम्मं शिक्षण झालेलंच आहे. (भारतात आज एमजी म्हटलं की हेक्टर आठवते. नाव तेच, मॉरिस गॅरेजेसचं, पण मालकी आता शांघायच्या कंपनीकडे. बिल्ला सोडला तर दोघींचं काही नातं नाही.)

माझा सल्ला एवढाच की क्रम चुकवू नका. पैसा आणि वेळ आधी पत्र्यात घाला, मग ब्रेकमध्ये, मग वायरिंगमध्ये. इंजिनाच्या ताकदीचा विचार सगळ्यात शेवटी. बहुतेक जण नेमकं उलटं करतात, कारण इंजिनाचं काम मजेचं आणि पत्र्याचं काम कंटाळवाणं. मग चकचकीत इंजिन आणि कुजलेली बॉडी अशी अर्धवट खोललेली गाडी तीन खोक्यांसकट कोणाच्या तरी माथी मारली जाते. तुम्हाला 'स्वस्तात मिळतेय' ती त्यातलीच नाही ना, हे आधी बघा.

एमजीबीला वेगळी चॅसी नाही, बॉडी हाच सांगाडा. त्यात रोडस्टरला छप्पर नाही. म्हणजे गाडीचा पुढचा आणि मागचा भाग एकमेकांना धरून राहतो तो मुख्यतः दारांखालच्या दोन पेट्यांवर, ज्यांना सिल म्हणतात. बाहेरून ती एक साधी पट्टी दिसते. आत मात्र बाहेरचा पत्रा, आतला पत्रा, दोन्हींच्या मध्ये उभा पडदा आणि खाली 'कॅसल रेल' नावाची पन्हळ, असा सगळा प्रपंच असतो. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. तो खारट चिखल पुढचं चाक मागे उडवतं, तो मडगार्डच्या आत खालच्या कोपऱ्यात साचतो आणि तिथून पत्रा आतल्या आत खायला लागतो. बाहेर रंगाला बारीक फोड दिसतो तोवर आत चाळण झालेली असते.

गाडी बघायला जाताना एक छोटं चुंबक रुमालात गुंडाळून न्या. मडगार्डचा चाकामागचा खालचा वीतभर भाग, सिलची दोन्ही टोकं आणि मागच्या चाकाच्या कमानीची कड यांवरून ते फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. मग दार मिटून त्याच्या मागच्या कडेची फट बघा. वरपासून खालपर्यंत ती सारखी हवी. वर अरुंद आणि खाली रुंद असेल तर गाडी मधून बसलेली आहे. मालकाची परवानगी घेऊन एक बाजू जॅकवर उचलायला सांगा आणि तेव्हा दार उघडून मिटून बघा. दार अडकलं तर नमस्कार करून परत फिरा. आणखी एक चलाखी सर्रास चालते. कुजलेली सिल तशीच ठेवून तिच्यावर नव्या पत्र्याचं आवरण डकवतात आणि वरून रंग मारतात. वरून कीर्तन, आतून तमाशा. खरी सिल मडगार्डच्या मागे, दोन्ही टोकांना आत शिरलेली असते. मडगार्डचा खालचा भाग न कापता सिल बदलल्याचं कोणी सांगत असेल तर त्याने आवरणच लावलंय असं समजा.

वेल्डिंग शिकता येतं. इथल्या बऱ्याच कॉलेजांत संध्याकाळचे वर्ग असतात, तिथे मिग वेल्डिंगचा (यात वेल्डची वायर यंत्रातून आपोआप पुढे येते) एक कोर्स करा. मग भंगारातल्या एक मिलिमीटरच्या पत्र्यावर हात बसेपर्यंत सराव करा आणि त्यानंतरच गाडीला हात लावा. वायर ०.६ मिलिमीटरची घ्या. सलग रेघ ओढायची नाही. टाका मारायचा, दूर दुसरीकडे दुसरा मारायचा, पत्रा हाताला कोमट लागेपर्यंत थांबायचं. नाहीतर तो तापून लाटेसारखा वळतो. कारखान्यात जिथे स्पॉट वेल्ड होते तिथे वरच्या पत्र्याला भोकं पाडून ती वेल्डने भरायची. सिल कापण्यापूर्वी दाराच्या चौकटीत, बिजागरीच्या खांबापासून कुलपाच्या खांबापर्यंत, लोखंडी चौकोनी पाइपचा आडवा टेकू पक्का वेल्ड करा. गाडीचं वजन चाकं असतात तिथेच, म्हणजे अ‍ॅक्सल आणि पुढच्या क्रॉसमेंबरखाली (पुढची चाकं जिच्यावर बसतात ती आडवी तुळई) पेललेलं हवं. एका वेळी एकच बाजू कापायची. नवी सिल आधी क्लॅम्पने अडकवा, दार लावून फट तपासा, मग टाके मारा, पुन्हा दार लावून बघा. हे पुन्हा पुन्हा दार चढवणं-उतरवणं जिवावर येतं, पण ते टाळलं तर गाडी आयुष्यभर वाकडी राहते आणि नंतर कुठलाही पेंटर ती सरळ करू शकत नाही.

पेट्रोलची टाकी, बॅटऱ्या, गालिचे, सीट हे सगळं गॅरेजच्या बाहेर काढल्याशिवाय वेल्डिंगला बसू नका आणि काम संपल्यावर तासभर तिथेच थांबा. गाडीखाली फासलेल्या जुन्या अंडरसीलच्या थरात ठिणगी धुमसत राहते. रंगाचं शेवटचं काम मात्र बाहेर द्या. टू-पॅक (दोन भाग मिसळून मारायच्या) रंगात आयसोसायनेट हे विषारी रसायन असतं आणि साध्या मास्कने ते अडत नाही. घरात मुलं असतील तर हा प्रयोग नकोच.

आता ब्रेक. त्या काळच्या ब्रिटिश बाजारातल्या एमजीबीत ब्रेकचं सर्किट एकच होतं. एक पाइप फुटला की पेडल जमिनीला टेकतं आणि उरतो फक्त हँडब्रेक. म्हणून 'मोठे ब्रेक' नंतर, आधी आहेत ते नवे करा: सगळे पाइप तांबे-निकेलचे, रबरी होज नवे, चाकांचे सिलिंडर आणि मास्टर सिलिंडर नवे, ब्रेक ऑइल डॉट ४ आणि ते दर दोन वर्षांनी बदलायचं. पुढे डिस्क आणि मागे ड्रम ही मूळची जोडी नीट असेल तर ९५ अश्वशक्तीच्या गाडीला पुरते. सर्वो (पायाचा जोर वाढवणारं यंत्र) नसेल तर तो जरूर बसवा, खर्चाच्या मानाने सर्वात जास्त समाधान देणारा बदल हाच. मागचे ड्रम उघडाल तेव्हा आतली धूळ फुंकू नका किंवा हवेने उडवू नका, जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका. पुढच्या किंगपिनना (ज्या उभ्या खिळ्यांवर चाकं वळतात) दर ३,००० मैलांना ग्रीस द्यायचं असतं. मागच्या मालकांनी ते दिलेलं नसतंच असं धरून चाला. चाक वर-खाली धरून हलवलं की खेळ लगेच कळतो.

वायरिंगबद्दल इथले लोक गाडीचे विजेचे भाग बनवणाऱ्या लुकास कंपनीला 'अंधाराचा राजपुत्र' म्हणून चिडवतात. माझ्या मते तो अन्याय आहे. दहातले नऊ बिघाड अर्थिंगचे किंवा हिरवट गंजलेल्या जोडांचे असतात आणि ते पॉलिश पेपर घेऊन एका दुपारी निस्तरता येतात. सीटच्या मागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतील, त्या काढून बारा व्होल्टची एक बसवा. तेवढ्यात त्यांच्याखालचा ट्रे अजून शिल्लक आहे का तेही बघून घ्या. हेडलाइटला रिले लावा. पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलंत तरी जुने पॉइंट आणि कंडेन्सर डिकीत ठेवा. ते मॉड्यूल जातं तेव्हा आगाऊ सूचना देत नाही.

पाच गिअरच्या बॉक्सपूर्वी एक तपासा: तुमच्या गाडीत ओव्हरड्राइव्ह (बॉक्सला जोडलेला, वेगात इंजिनाच्या फेऱ्या कमी करणारा जादा गिअर) आहे का? लेकॉक कंपनीचा ओव्हरड्राइव्ह असला तर मोटरवेवर ७० मैलांना इंजिन साधारण ३,९०० ऐवजी ३,२०० फेऱ्यांवर येतं आणि फोर्ड सिएराच्या पाच गिअरच्या बॉक्सने याहून फार वेगळं काही मिळत नाही. तो चालत नसेल तरी पुष्कळदा दोष स्विचचा, वायरचा किंवा कमी ऑइलचा निघतो. बॉक्स काढायचाच झाला तर इंजिनही बरोबर बाहेर काढावं लागतं. मग क्लच आणि त्याचं रिलीज बेअरिंग त्याच वेळी बदलून टाका. ते बेअरिंग कार्बनचं असतं. सिग्नलला गिअरमध्ये क्लच दाबून उभं राहायची सवय असेल तर लवकर झिजेल.

मोठ्या इंजिनाचं स्वप्न अगदीच हवेतलं नाही. कारखान्यानेच १९७३ ते १९७६ मध्ये एमजीबी जीटीत (याच गाडीच्या पक्क्या छपराच्या रूपात) रोव्हरचं ३.५ लिटरचं व्ही-८ बसवलं होतं. अ‍ॅल्युमिनियमचं असल्यामुळे ते मूळच्या चार सिलिंडरवाल्यापेक्षा फारसं जड नाही. पण त्यामागे रेडिएटर, ब्रेक, मागचा अ‍ॅक्सल, एक्झॉस्ट, विमा असं सगळं ओळीने बदलत जातं. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. पहिल्याच गाडीवर मी हे करणार नाही. त्याऐवजी सिलिंडर हेड एखाद्या मशिन शॉपमध्ये देऊन कडक व्हॉल्व्ह सीट बसवून घ्या. ब्रिटनमध्ये शिशाचं पेट्रोल १९९९ अखेर बंद झालं आणि जुन्या मऊ सीट बिनशिशाच्या पेट्रोलवर जोरात चालवलं की हळूहळू खचत जातात. सप्टेंबर २०२१ पासून साध्या पंपावर १० टक्के इथेनॉलचं ई-१० मिळतं, ते जुन्या रबरी नळ्या खातं. नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या घ्या आणि सुपर ग्रेडचं ई-५ भरा. ऑइल २०डब्ल्यू-५०, जस्त असलेलं. गरम इंजिनावर चालत्या गाडीत ऑइलचं प्रेशर ५० ते ८० पीएसआय दाखवत असेल तर खालचं इंजिन उघडायची गरज नाही.

मूळचे दोन एसयू कार्बुरेटर काढून वेबर कंपनीचा कार्बुरेटर लावायचा मोहही आवरा. एसयू नीट लावले की गाडीचा स्वभावच बदलतो आणि ते कान असलेल्या कोणालाही येतं. इंजिन पूर्ण गरम करा, एअर फिल्टर काढा. रबरी नळीचं एक टोक कानाशी आणि दुसरं एका कार्बुरेटरच्या तोंडाशी धरा, मग दुसऱ्याच्या. दोन्हीकडचा फुसफुसाट सारखा होईपर्यंत आयडलचे स्क्रू फिरवा. मग कार्बुरेटरच्या पिस्टनखालची छोटी पिन बोटाने अगदी जरा, मिलिमीटरपेक्षाही कमी, उचला. फेऱ्या वाढून वाढलेल्याच राहिल्या तर मिश्रणात पेट्रोल जास्त आहे. इंजिन गडगडून बंद पडायला लागलं तर कमी आहे. क्षणभर किंचित वाढून पुन्हा जागेवर आलं की बरोबर. एचएस-४ मॉडेल असेल तर जेटखालचा नट एका वेळी एकच पैलू फिरवायचा, खाली नेला की पेट्रोल वाढतं. डॅशपॉटमध्ये (कार्बुरेटरच्या डोक्यावरच्या नळीत) ऑइल आहे की नाही हे मात्र सगळ्याआधी बघा. ते संपलेलं असेल तर अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर गाडी गचके खाते आणि माणसं उगाच इंजिन उघडून बसतात.

पाने इंची घ्या. या गाडीचे नट-बोल्ट यूएनएफ आट्यांचे आहेत, मेट्रिक पाना लावलात तर कोपरे झिजून नट गोल होतो आणि मग छिन्नी-हातोड्याची पाळी येते.

कागदपत्रांचं थोडक्यात: चाळीस वर्षांपुढच्या गाडीला इथे 'हिस्टॉरिक' वर्गात रोड टॅक्स माफ होतो आणि एमओटीतूनही (दरवर्षीच्या सक्तीच्या तपासणीतूनही) सूट मिळते. पण बॉडी-चॅसी, इंजिन, अ‍ॅक्सल यांत मोठे बदल केलेत तर एमओटीची सूट जाऊ शकते. इंजिन किंवा रंग बदलला तर डीव्हीएलएला (गाड्यांची नोंदणी ठेवणारं सरकारी खातं) कळवायचं आणि प्रत्येक बदल विमा कंपनीला आधी सांगायचा. सूट असली तरी काम संपल्यावर पैसे भरून एकदा एमओटी करून घ्या. तुम्ही स्वतः बसवलेले ब्रेक दुसऱ्या कोणीतरी रोलरवर तपासलेले बरे.

गाडी बघून आलात की दोन्ही सिलच्या टोकांचे, खालून कॅसल रेलचे आणि दार मिटलेलं असतानाच्या फटीचे फोटो इथे टाका. वेल्डिंग किती लागेल आणि सांगितलेली किंमत वाजवी आहे का, याचा अंदाज त्यावरून सांगतो.