सोसायटीतल्या जुन्या पर्जन्यवृक्षाचा शेंडा पावसाळ्याआधी उडवावा का?

नाही, अजिबात नको. कापल्या जागी कूज शिरते आणि तिथून फुटलेल्या नव्या फांद्या कच्च्या जोडाच्या असतात, वाऱ्यात त्याच आधी मोडतात. फक्त वाळक्या फांद्या काढा, तीही महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज करून. झाड ५० वर्षांवरचं असेल तर महाराष्ट्राच्या वृक्षसंरक्षण कायद्यातल्या २०२१च्या दुरुस्तीनुसार ते वारसा वृक्ष ठरतं.

आणि आधी बुंध्याशी बसून बघा. ठाण्यात आमच्याकडे पेव्हर ब्लॉक थेट खोडाला टेकले होते, साल दाबून काळी पडली होती. मुळांना हवा-पाणी कुठून मिळणार? चहूबाजूंनी निदान १ मीटर माती मोकळी केली, खुरप्याने, मुळं सांभाळत. फांद्यांवर कापसासारखं पांढरं दिसतंय का? तो पिठ्या ढेकूण, झाडाचा रस शोषणारी कीड. उद्यान विभागाला लगेच कळवा.