खुब्याच्या ऑपरेशननंतर वडील बरळतायत, भूल जास्त झाली का?

ताई, तुम्ही लिहिलंय की वडील ८१ वर्षांचे, बाथरूममध्ये पडून खुबा मोडला, कमरेतून भूल देऊन ऑपरेशन झालं, दुसऱ्या रात्रीपासून बरळू लागले, सलाईन उपटली आणि भाऊ म्हणतोय की भूल जास्त दिली. भूलतज्ज्ञ म्हणून ही तक्रार मी वर्षानुवर्षं ऐकत आलोय.

आधी भावाची शंका. कमरेतल्या इंजेक्शनचा असर काही तासांत ओसरतो; पाय हलू लागले की विषय संपला. आणि पूर्ण भूल दिली असती तरी फार फरक पडला नसता. २०२१ साली अमेरिका-कॅनडातल्या १६०० खुबा मोडलेल्या रुग्णांच्या 'रीगेन' चाचणीचे निष्कर्ष आले. कुठलीही भूल दिली तरी साधारण पाचातल्या एकाला असा भ्रम झालाच.

याला डेलिरियम म्हणतात. हे वेड नव्हे. सकाळी माणूस ताळ्यावर असतो, चहा मागतो, नातवाची चौकशी करतो. दिवे लागले की चादर चिमटत बसतो, "माझी एसटी सुटेल, सदरा द्या" म्हणून उठू पाहतो. म्हाताऱ्या मेंदूला दुखणं, जंतुसंसर्ग, सोडियम कमी होणं, ऑक्सिजन कमी पडणं, तुंबलेली लघवी, चार दिवसांचं बद्धकोष्ठ, यातलं काहीही पुरतं. म्हणून डॉक्टरांना "भूल किती दिली?" यापेक्षा "कारण काय सापडलं?" हे विचारा.

गोळ्यांची यादी तुम्हीच काढा. बरेच वडीलधारे झोपेसाठी वर्षानुवर्षं अल्प्राझोलाम घेतात आणि दवाखान्यात सांगत नाहीत. ती एकदम बंद झाली तरी माणूस बिथरतो. रोज रात्री थोडी 'घेण्याची' सवय असेल तर तेही सांगा, लाजू नका. उलट, शांत राहावेत म्हणून रात्री फेनरगन किंवा अॅव्हिल दिलं जात असेल तर डॉक्टरांशी बोला. या वयात त्यानं भ्रम वाढू शकतो. दुखण्याचं औषध मात्र "गुंगी येईल" म्हणून अडवू नका. न शमलेलं दुखणंही भ्रमाचं कारण असतं.

बाकी काम घरच्यांचं. चष्मा, कानाचं यंत्र, कवळी बहुतेक वेळा कपाटातल्या पिशवीत पडून असतात. ऑपरेशनपूर्वी काढलेलं परत चढवायचं राहून जातं. ज्याला दिसत नाही, ऐकू येत नाही, त्यानं ताळ्यावर राहावं तरी कसं? दिवसा पडदे उघडे, रात्री अंधार आणि शांतता. बारा पाहुण्यांपेक्षा ओळखीचं एकच माणूस जवळ बसलेलं बरं. "बाबा, आज मंगळवार, तुम्ही दवाखान्यात आहात, पायाचं ऑपरेशन झालंय," एवढं पुन्हा पुन्हा सांगा, वाद घालू नका. हात बांधले की ते आणखी चवताळतात, त्यापेक्षा पाळीपाळीनं बसा. लघवीची नळी गरज संपली की लगेच काढायला सांगा.

आणि शेजारच्या खाटेवरचे आजोबा निपचित पडलेत म्हणून ते सुखी, असं समजू नका. गप्प राहणारा डेलिरियम जास्त फसवा. हाक मारली तर अर्धवट ओ देतो, घास तोंडातच ठेवतो, आणि घरचे म्हणतात, "दमलेत, झोपू द्या." तो लवकर कुणाच्या लक्षातच येत नाही.

चालण्याचं म्हणाल तर, सर्जनची मनाई नसेल तर फिजिओथेरपिस्टच्या आधारानं दुसऱ्याच दिवशी खुर्चीत बसवतात, वॉकरवर उभं करतात. "पंधरा दिवस आराम" हा आपल्याकडचा प्रेमळ सल्ला म्हाताऱ्यांना महागात पडतो. मांड्यांचे स्नायू आठवड्यात उतरतात, छातीत कफ साठतो. अंडं, डाळ, दूध, पनीर, जे चालतं ते पोटात जाऊ द्या. पडण्याआधी ते एकटे बाजारात जाऊन येत होते का, यावरून पुढचा अंदाज वयापेक्षा बरा लागतो.

भ्रम बहुतेकांचा काही दिवसांत उतरतो, काहींना आठवडे लागतात. अचानक ताप, धाप, एका बाजूचा हात लुळा, बोलणं अडखळणं किंवा हाक मारूनही जाग न येणं दिसलं तर लगेच सिस्टरला बोलवा. आणि पडण्याआधीच नावं विसरणं, पैशांचा घोळ असं काही सुरू झालं असेल तर तीनेक महिन्यांनी, ते सावरल्यावर, स्मरणशक्तीची तपासणी करून घ्या. आत्ता वॉर्डात केलेली चाचणी काही उपयोगाची नाही.