थायलंड-कंबोडियाच्या देवळांत कोणते कपडे चालतात?

तुम्ही विचारलंय की डिसेंबरात आईंना घेऊन बँकॉक आणि सिएम रीपला जाताय, भटकंतीही करायची आणि देवळंही पाहायची, तर बॅगेत काय भरावं. माझं उत्तर एकच: रोजच्या वापरातले सुती पंजाबी ड्रेस, कोपरापर्यंत बाहीचे. परदेशी जायचं म्हणून आपण नेमके तेच घरी ठेवतो.

मीही ठेवले होते. सिएम रीपजवळच्या अंकोर वाट मंदिरात पहाटे सूर्योदय पाहून आम्ही मायलेकी मधल्या सर्वांत उंच भागाच्या, म्हणजे बाकानच्या, रांगेत लागलो. माझी कुर्ती बिनबाह्यांची होती, वरून स्टोल घेतला होता. जिन्याशी थांबवलं. खांदे स्टोलने झाकून चालत नाहीत, कपड्यालाच बाही हवी आणि गुडघे झाकलेले हवेत. २०१६ पासून हा नियम कडक पाळतात. आई तिच्या साध्या कुर्त्यात वर गेली, मी खाली उभी. बाराव्या शतकात विष्णूसाठी बांधलेलं ते मंदिर, इतक्या लांबून आले आणि गाभाऱ्याच्या पायथ्याशी राहिले, याची चुटपुट अजून जात नाही.

तो जिना जवळजवळ उभाच आहे. त्यामुळे साडी किंवा पायात येणारी घोळदार पलाझो तिथे नको. आईंसाठी घोट्यापर्यंतची सलवार बरी.

बँकॉकच्या राजवाड्यातही असंच. आवारातल्या वाट फ्रा केव या देवळात हिरव्या दगडाची बुद्धमूर्ती आहे. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा असे तिचे तीन पोशाख आहेत आणि ऋतू पालटला की राजा ते स्वतः बदलतो. मला हे फार आवडलं, आपल्याकडे विठोबाला थंडीत कानपट्टी बांधतात तसंच वाटलं. तिथे शॉर्ट्स, फाटक्या जीन्स, झिरझिरीत कापड, अंगाला चिकटणारी लेगिंग, काहीच चालत नाही. पुरुषांनाही फुल पँटच हवी.

चपला मात्र पटकन निघतील अशाच घ्या, बुटांच्या नाड्या सोडून-बांधून जीव जातो. बँकॉकच्याच वाट फो या देवळात ४६ मीटर लांबीचा निजलेला बुद्ध पाहताना पादत्राणं काढावी लागतात. आत बसलात तर पाय मागे दुमडून बसा, तळवे मूर्तीकडे नकोत. आईंना हे सांगावं लागणार नाही, आपणही देवाकडे पाय करत नाही.

सिएम रीपच्या बाजारात क्रामा मिळतो, चौकड्यांचा सुती पंचा. उन्हात डोक्याला बांधायला एक जरूर घ्या, पण खांदे झाकायला त्याच्या भरवशावर राहू नका.

आणि बौद्धांच्या पवित्र दिवशी बाकान बंद असतं. अंकोरचा दिवस ठरवण्याआधी हॉटेलवाल्यांना तारीख विचारून घ्या.