फौजीच्या मुलांना जीव लावता येत नाही, पण ती कणखर होतात, हे खरं आहे का?

जीव लावता येतो. निरोपाची भीती मात्र सोबतच येते. माझे बाबा मराठा लाइट इन्फंट्रीत हवालदार होते. पीस पोस्टिंग, म्हणजे कुटुंब सोबत ठेवता येईल अशी नेमणूक असली की आम्ही त्यांच्याबरोबर क्वार्टरमध्ये; फील्ड, म्हणजे कुटुंब नेता येत नाही अशी नेमणूक लागली की साताऱ्याकडे गावी. दहावीपर्यंत पाच शाळा झाल्या. नव्या वर्गात माझी पहिल्याच दिवशी मैत्री जमायची, पण बदलीची कुणकुण लागली की मी आधीच मैत्रिणींशी बोलणं कमी करायचे. ती सवय लग्नानंतरही लवकर सुटली नाही.

बाबा वार्षिक सुट्टीवर आले की पहिले तीन-चार दिवस धाकटा भाऊ त्यांच्याजवळ जायचा नाही, दाराआडून त्यांची काळी ट्रंक बघत राहायचा. परतीच्या दिवशी त्याच ट्रंकेवर बसायचा आणि उठायचाच नाही.

कणखरपणा नुसत्या बदल्यांनी येत नाही. मुलांच्या जिव्हाळ्याच्या नात्यांचा अभ्यास करणारे ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी मांडलंय तसं मुलाला भरवशाचं, जवळचं माणूस लागतं. आमच्याकडे ती आई होती. १९९९ च्या कारगिलच्या दिवसांत पत्र येत नव्हतं, तरी आमचं जेवण नि अभ्यास तिने कधी चुकू दिला नाही. आणि आपल्यालाही भीती वाटते, हे तिने आमच्यापासून लपवलं नाही.