वायपरच्या मोटरला किती अँपिअरचा सप्लाय?

प्रश्न : यंदा आमच्या मंडळाचा देखावा कालियामर्दनाचा आहे. बांबू आणि पुठ्ठ्याचा फणा, वजन साधारण ९ किलो, तो वर-खाली करायला भंगारातून टेम्पोची वायपर मोटर आणली. सप्लाय म्हणून एलईडी पट्ट्यांचा १२ व्होल्ट ५ अँपिअरचा एसएमपीएस (घरच्या २३० व्होल्टचे १२ व्होल्ट डीसी करणारा डबा) लावला. फणा खाली येतो, पण वर जाताना टक्-टक् करत अडकतो आणि एसएमपीएसचा हिरवा दिवा लुकलुकतो. वायरभोवती चिमटा लावून करंट मोजायच्या क्लॅम्प मीटरवर शून्य दिसतं. दुकानदार ३० अँपिअरचा घ्या म्हणतो. पैसा वर्गणीचा आहे, म्हणून विचारतो. (एक कार्यकर्ता, कळवा)

उत्तर : तुमचा एसएमपीएस बिघडलेला नाही आणि मोटरही चांगली दिसते, तेव्हा कुणाला ती खोलू देऊ नका. एलईडी पट्टीला जेवढं लागतं तेवढंच ती पहिल्या क्षणापासून शेवटपर्यंत घेते. मोटरचं तसं नसतं. फिरणारी मोटर स्वतःच उलटा व्होल्टेज तयार करते आणि त्यामुळे करंट आटोक्यात राहतो. थांबलेल्या मोटरमध्ये हा उलटा व्होल्टेज नसतो, करंट अडवायला फक्त तांब्याची वाइंडिंग उरते. म्हणून सुरू होताना आणि फणा जड जातो त्या जागी ती कितीतरी जास्त करंट मागते. एसएमपीएस आपल्या मर्यादेच्या थोडं वर गेला की स्वतःला वाचवायला बंद होतो, क्षणभराने पुन्हा प्रयत्न करतो, पुन्हा बंद होतो. तुमचं टक्-टक् ते हेच.

क्लॅम्प मीटरचं शून्यही बरोबर आहे. साधा क्लॅम्प एसीच मोजतो, डीसीसाठी वेगळा मिळतो. तो विकत घेऊ नका.

वागळे इस्टेटमध्ये वाइंडिंगचं दुकान चालवताना मी प्रत्येक मोटरच्या चिठ्ठीवर दोन आकडे लिहायचो : सुरू होताना किती आणि चालताना किती. तुम्हालाही हेच दोन आकडे हवेत. पहिल्यासाठी गाडीची १२ व्होल्टची बॅटरी घ्या आणि मोटरच्या सिरीजमध्ये, म्हणजे मोटरकडे जाणाऱ्या वायरच्या मध्येच, इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब लावा. बल्ब पेटतो, करंट मर्यादेत राहतो, मोटर बहुधा जागची हलत नाही. हलली तर दांडा धरून ठेवा. आता मोटरच्या दोन टोकांवरचा व्होल्टेज आणि सर्किटमधला करंट मल्टिमीटरने मोजा. काल माझ्या टेबलावरच्या अशाच एका मोटरवर ०.९ व्होल्ट आणि १.६ अँपिअर आले. भागाकार केला, साधारण ०.५६ ओहम. १२ ला ०.५६ ने भागलं की २१ अँपिअर. म्हणजे पूर्ण १२ व्होल्ट एकदम दिले तर ही मोटर त्या क्षणी २१ अँपिअर मागणार, आणि तुम्ही देताय ५.

चालतानाचा आकडा बल्ब काढून, फणा जोडून, बॅटरीवरच घ्या. मल्टिमीटरची लाल पिन १० अँपिअरच्या भोकात घाला. सुरू करताना मीटरच्या दोन्ही टोकांना जाड वायरचा तुकडा जोडून ठेवा, मोटर फिरू लागली की काढा. नाहीतर मीटरचा फ्यूज उडेल.

पण सप्लाय घेण्याआधी फण्याचं वजन उतरवा, हे मी कळकळीने सांगतो. तुम्ही कळव्याचे, खारेगावचं फाटक आठवत असेल. फाटकाचा एवढा लांब दांडा अलगद वर जातो, कारण त्याच्या आखूड टोकाला लोखंडी वजन असतं. फण्याच्या मागच्या बाजूला वाळूची पिशवी बांधा, फणा पिशवीपेक्षा किंचितच जड राहील इतकी. चढताना आणि उतरतानाचे अँपिअर जवळपास सारखे आले की पिशवी बरोबर बसली. मंडळं ही पायरी सोडून थेट मोठा सप्लाय आणतात, आणि मग मोटरचा आतला प्लास्टिकचा गिअर झिजतो तो झिजतोच.

मग १२ व्होल्ट १० अँपिअरचा एसएमपीएस आणि त्याच्यापुढे १५-२० अँपिअर झेपणारा पीडब्ल्यूएम स्पीड कंट्रोलर लावा, म्हणजे वीज झपाट्याने चालू-बंद करून मोटरचा वेग कमी-जास्त करणारा. दोन्ही मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात मिळतील. बटण शून्यावर ठेवून सुरू करायचं आणि हळूहळू फिरवायचं. कंट्रोलर २० टक्क्यांवर असताना थांबलेल्या मोटरमध्येही साधारण ४ अँपिअरच जातात आणि सप्लायकडून सरासरी एकाच्या आत. चालतानाचा सगळ्यात मोठा आकडा पिशवी बांधूनही ७ च्या वर असेल तर १५ अँपिअरचा घ्या. ३० चा घेतलात तरी देखावा चालेल, पण बांबू कुठे अडकला तर तो २१ अँपिअर बिनतक्रार देत राहील आणि वाइंडिंग जळेल. सप्लाय कुठलाही असो, मोटरच्या वायरमध्ये गाडीचा १० अँपिअरचा फ्यूज हवाच.

एसएमपीएस मोटरजवळच ठेवा. त्याची १२ व्होल्टची वायर स्टेजमागून लांबवर नेऊ नका. ०.७५ चौरस मिमीची वायर ८ मीटर न्याल तर जाऊन-येऊन १६ मीटर होते. ७ अँपिअरला त्यातच जवळपास ३ व्होल्ट जातात आणि मोटर मंदावते. २.५ ची घेतली तर एका व्होल्टच्या आत. २३० व्होल्ट लांब न्यायला हरकत नाही, मात्र ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीतूनच, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणाऱ्या स्विचमधून. एसएमपीएसचे स्क्रू उघडे असतात आणि मंडपात मुलं कुठेही हात घालतात, म्हणून त्यावर झाकण बसवा. भाद्रपदात मंडपाची जमीन ओली असते. बऱ्याच वायपर मोटरचं अंगच निगेटिव्ह असतं, तेव्हा पॉझिटिव्हची वायर लोखंडी सांगाड्याला कुठे घासणार नाही हेही बघा.

सगळं जोडून झालं की आरतीच्या आधी एकदा फणा वर जाताना अर्ध्यात बंद करा आणि तिथूनच सुरू करून पाहा. दहा दिवसांत वीज नेमकी तेव्हाच जाते.