फ्रेंच शंकासमाधान : टोपी कुठे घालायची?

प्रश्न : ‘स्युबझाँक्तिफ अँपार्फे’ (इच्छा, शंका अशा अर्थाच्या वाक्यांतलं भूतकाळी क्रियारूप) चालवताना ‘इल’चं (तो) रूप हमखास चुकतं. काय करू?

उत्तर : पासे सॅम्प्लमधलं (लेखी साधा भूतकाळ) ‘त्यु’चं (तू) रूप घ्या. ‘पार्ले’चं (बोलणे) ‘त्यु पार्ला’. लिहिताना शेवटी एस. त्याला प्रत्यय लावा (‘क’ म्हणजे की, ‘झ’ मी, ‘नू’ आम्ही, ‘व्हू’ तुम्ही) : क झ पार्लास, क नू पार्लास्यों, क व्हू पार्लास्ये. ‘इल’ला मात्र दुहेरी एस येत नाही. तिथे स्वरावर टोपी (^ ही खूण), शेवटी टी : किल (क + इल) पार्ला.

खरी गोची ‘एत्र’ची (असणे). पासे सॅम्प्लमधलं ‘इल फ्यु’ आणि स्युबझाँक्तिफमधलं ‘किल फ्यु’ कानाला सारखेच. टोपी फक्त दुसऱ्यावर. १९९०च्या शुद्धलेखन सुधारणांनी आय-यूवरची टोपी बऱ्याच शब्दांत ऐच्छिक केली, इथली मात्र राखली. बोलताना हा काळ वापरूच नका, फारच पुस्तकी वाटतो. वर्तमानकाळी स्युबझाँक्तिफ चालतो.