डेटा सायन्स राहू द्या, मोल्डिंग घेऊनच जर्मनीला या

भाऊ, तुमचं म्हणणं मला समजलं ते असं: वय ३४, मेकॅनिकलचा डिप्लोमा, जळगाव एमआयडीसीत ठिबकच्या फिटिंग बनवणाऱ्या कारखान्यात ९ वर्षं मोल्डिंगवर, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक साच्यात भरून वस्तू काढायच्या कामावर. आता नोकरी सोडायची, पुण्यात सहा महिने डेटा सायन्सचा कोर्स करायचा, फी अडीच लाख, आणि मग चान्सेनकार्टवर, म्हणजे नोकरी शोधायला मिळणाऱ्या व्हिसावर, जर्मनी. पैसे कमी पडले तर वडिलांच्या केळीच्या बागेवर कर्ज. मी भुसावळचा, इथे जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात प्लास्टिकच्याच कारखान्यात आहे, म्हणून स्पष्ट सांगतो. देश बदला नाहीतर काम बदला. दोन्ही एकदम बदलू नका.

सहा महिन्यांचा कोर्स करून आलात तर तुमची गाठ इथल्याच विद्यापीठांतून एमएस करून निघालेल्या आपल्या पोरांशी पडेल. त्यांना जर्मन येतं, इंटर्नशिप झालेली असते, तरी सध्या अर्जांवर अर्ज टाकत बसलेत. २०२३ आणि २०२४, दोन्ही वर्षं इथली अर्थव्यवस्था आकसली. अशा वेळी नवशिक्याला कोण घेतो? मंदी आमच्या धंद्यालाही लागली आहे, ते लपवत नाही. पण साचा चढवणारा, शॉर्ट शॉट (अर्धवट भरलेला पीस) का येतोय, फ्लॅश (कडेने निघालेलं जादा प्लास्टिक) कुठून सुटतोय हे पीस हातात घेऊन ओळखणारा माणूस आजही सहज मिळत नाही, विशेषतः आडगावातल्या घरगुती मालकीच्या कारखान्यांना. या कामाचं इथे तीन वर्षांचं रीतसर प्रशिक्षण असतं. तुम्ही जे सोडायला निघालात, त्याला इथे मान आहे.

आता चान्सेनकार्टचं गणित. ही सोय १ जून २०२४ पासून आहे: नोकरी हातात नसताना एक वर्ष इथे राहून ती शोधायची, तोवर आठवड्याला २० तास काम चालतं. त्यासाठी ६ गुण लागतात. वय ३५ पर्यंत असेल तर २ गुण, पुढे ४० पर्यंत एकच. शिक्षणाशी जुळणारा, गेल्या ७ वर्षांतला ५ वर्षांचा अनुभव असेल तर ३. म्हणजे तुमचे ५ आताच झाले. जर्मन भाषेची ए२ पातळी केलीत तर १, तिच्यावरच्या बी१ ला २, बी२ ला ३. डेटा सायन्सच्या त्या प्रमाणपत्राला यात शून्य. अडीच लाखांतला थोडा भाग जर्मनच्या शिकवणीला लावा आणि शिफ्ट सांभाळून बी१ पर्यंत या. परीक्षा पुण्या-मुंबईच्या मॅक्सम्युलर भवनात देता येते. ए२ वर गुण भरतील, पण शॉपफ्लोअरवर फोरमन भराभर काय बोलतोय ते कळायला बी१ सुद्धा अपुरंच पडतं. वर त्याची बोली असतेच. आपल्या अहिराणीपुढे पुणेकराची होते तीच गत.

एक मेख मात्र कोणी सांगत नाही. चान्सेनकार्टने तुम्ही आत येता, पण पुढे कामाचा परवाना मिळायला एकतर तुमच्या डिप्लोमाला इथली मान्यता हवी, नाहीतर अनुभवाच्या वाटेने जायचं, आणि त्या वाटेला पगाराची अट आहे: २०२५ साठी ती वर्षाला ४३,४७० युरो होती. कंपनी कामगार संघटनेच्या वेतनकराराने बांधलेली असेल तर ही अट सुटते. मोल्डिंगच्या सुरुवातीच्या पगारात हा आकडा गाठणं जड जातं. म्हणून मान्यतेचा अर्ज जळगावातूनच करा. कारखान्यातल्या कामांसाठी तो न्यूर्नबर्गच्या आयएचके फोझा या कार्यालयात जातो. अर्धवट मान्यता आली तरी हरकत नाही, चान्सेनकार्टला तिचेच ४ गुण मिळतात.

या अर्जाचा जीव अनुभवाच्या दाखल्यात असतो, आणि आपल्याकडचे दाखले म्हणजे तीन ओळी: अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत काम केले, वर्तणूक चांगली, शुभेच्छा. इथे त्याचा काडीचा उपयोग नाही. राजीनामा द्यायच्या आधी, एचआरशी संबंध गोड असताना, सविस्तर पत्र मागा. कोणती मशीन, किती टनेजची (साचा किती टन जोराने दाबून धरते). आर्बुर्ग किंवा एंगेल कंपनीचं मशीन चालवलं असेल तर नाव आलंच पाहिजे. कोणतं मटेरियल, पीपी, एचडीपीई की पीव्हीसी. साचे स्वतः बदलायचे का, पॅरामीटर स्वतः लावायचे का, हाताखाली किती माणसं होती. मसुदा तुम्हीच लिहून न्या, साहेब सही करतात. सोबत पगाराच्या स्लिपा आणि पीएफचं पासबुक ठेवा.

पैशाचं. खर्चाची सोय दाखवायला ब्लॉक्ड अकाउंटमध्ये २०२५ च्या हिशेबाने महिन्याला १,०९१ युरो, वर्षाचे १३,०९२ ठेवावे लागत होते. ती रक्कम तुमचीच, दरमहा थोडी थोडी मिळते, पण वर्षभर नोकरी लागली नाही तर संपते. नोकरी लागली आणि पगार ३,२०० युरो ठरला तरी कर, विमा, पेन्शन कापून हातात साधारण २,१०० येतात. लहान गावातही भाडं ५००-६०० जातं. पहिलं वर्ष एकट्यानेच काढायचं असं धरून चाला. जेवणाचं काय विचारू नका, इथल्या वांग्याचं भरीत म्हणजे भरिताची थट्टा आहे.

एजंटाबद्दल एवढंच: 'जर्मनीत हमखास नोकरी' म्हणून लाखांत पैसे मागणाऱ्याला केंद्र सरकारच्या ईमायग्रेट पोर्टलवरचा (परदेशी नोकरीच्या एजंटांची नोंद असते तिथला) नोंदणी क्रमांक विचारा. राज्य सरकारचा २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेम्बर्गशी कुशल कामगार पाठवण्याचा करार झालाय, त्यात तुमचा ट्रेड बसतो का तेही पाहून घ्या.

बागेवर कर्ज काढू नका. केळीचा भाव आणि जर्मन व्हिसा, दोन्ही आपल्या हातात नाहीत. दोन्हींवर एकाच वेळी घर टांगून ठेवायचं का? नोकरी चालू ठेवा, मान्यतेचा अर्ज टाका, तिचा निकाल येईपर्यंत पैसा साठवा. दाखल्याचा मसुदा झाला की आधी मला दाखवा, इथल्या माणसाला कुठे खटकेल तिथे खुणा करून देतो.